‘धरील’ आणि ‘धरू शकेल’

१ जुलै २०२५ ला नव्या तीन फौजदारी कायद्यांना एक वर्ष पूर्ण झालं. ४२० चं ३१८ झालं, ३०२ चं १०३ झालं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उजळणीत या लेखाची जागा घालवत नाही. तिघांतला सर्वांत कमी बोलला गेलेला कायदा म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, आणि त्यातलं एकच क्रियापद मला आज वाचकांसमोर ठेवायचं आहे. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर घराघरांत एक प्रश्न विचारला गेला : हुंड्याच्या प्रकरणात कोर्ट सासरच्यांना आधीच दोषी धरतं ना? या ‘धरतं’मागे जे इंग्रजी क्रियापद उभं आहे ते ‘प्रिझ्यूम’.

शब्दकोशात ते ‘अझ्यूम’च्या शेजारी बसतं आणि मराठीत दोघांनाही आपण ‘गृहीत धरणे’ म्हणून मोकळे होतो. पण तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तिन्हींसाठी मराठीत शब्दही वेगळे आहेत. गणिताच्या पुस्तकातलं ‘समजा, क्ष बरोबर पाच’ हे अझ्यूम. त्याला आधार लागत नाही, उदाहरण सुटलं की ते पुसून टाकायचं. ‘मानीव अभिहस्तांतरण’ यातलं ‘मानीव’ म्हणजे डीम. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिलेली नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही ती करून दिली असं कायदा मानतो. प्रिझ्यूम या दोन्हींच्या मधलं आहे. काहीतरी आधी सिद्ध झालेलं असतं आणि त्याच्या आधारावर, उलट पुरावा येईपर्यंत, पुढची गोष्ट खरी धरली जाते. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘आधीच घेणे’ आणि आपल्या ‘गृहीत’चा अर्थही ‘घेतलेलं’. दोन्ही भाषांनी चित्र एकच पाहिलं, पण रोजच्या मराठीत त्यातला आधार गळून गेला. ‘मला गृहीत धरू नका’ असं आपण म्हणतो तेव्हा समोरच्याने न विचारता, न तपासता धरलं, हीच तर तक्रार असते. कायद्यातलं गृहीत नेमकं याच्या उलट आहे.

कायद्यातल्या गृहीताची ही उभारणी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांची. १८६९ ते १८७२ या काळात ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ त्यांची पुतणी. इंग्लंडमधला पुराव्याचा कायदा शेकडो निकालांत विखुरलेला होता. स्टीफननी भारतासाठी तो १६७ कलमांत बसवला. इंग्लंडसाठीही त्यांनी अशीच संहिता लिहिली, पण ती तिथे मंजूर झाली नाही. भारतात मात्र त्यांचा कायदा दीडशे वर्षं टिकला आणि नव्या अधिनियमातही बराचसा तोच आहे.

चौथ्या कलमात त्यांनी तीन पायऱ्या एकाखाली एक लिहिल्या. पहिली, न्यायालय गृहीत ‘धरू शकेल’ : धरायचं की पुरावा मागायचा, हे न्यायाधीशाच्या विवेकावर. दुसरी, न्यायालय गृहीत ‘धरील’ : धरावंच लागेल, मात्र समोरच्याला ते खोडायची संधी आहे. तिसरी, ‘निर्णायक पुरावा’ : एकदा आधार सिद्ध झाला की विरुद्ध पुरावा ऐकूनच घ्यायचा नाही. नव्या कायद्यात या तीन व्याख्या इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावल्या आणि तिन्ही एकमेकींपासून दूर गेल्या. अर्थ बदलला नाही, पण शिडी एका नजरेत दिसायची ती आता दिसत नाही. हे मला नुकसान वाटतं, कारण या कायद्यात शिकण्यासारखं सर्वांत मोठं काही असेल तर ती शिडीच.

विवाहितेच्या मृत्यूचा प्रश्न या शिडीवर ठेवून पाहा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत तिने आत्महत्या केली आणि छळ सिद्ध झाला, तर सासरच्यांनी प्रवृत्त केलं असं न्यायालय ‘धरू शकेल’. हे कलम १९८३ मध्ये आलं. हुंडाबळीच्या आरोपात मात्र न्यायालय ‘धरील’. हे कलम १९८६ चं, आता ते ११८ आहे. पण ते आपोआप लागू होत नाही. मृत्यू अनैसर्गिक होता, तो लग्नानंतर सात वर्षांच्या आत झाला आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाला होता, हे सगळं सरकार पक्षाने आधी शाबीत करायचं असतं. हे ‘थोडं आधी’ म्हणजे आदल्या दिवशीच असं नाही, छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत धागा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे घराघरांतल्या त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कायदा आधी दोषी धरत नाही. ठरावीक पायऱ्या चढून झाल्या की शाबितीचा भार तो दुसऱ्या खांद्यावर देतो.

भार कुणाच्या खांद्यावर, हाच या क्रियापदाचा खरा अर्थ, आणि तो सर्वांत ठळक दिसतो बेपत्ता माणसाच्या बाबतीत. सात वर्षं बातमी नाही म्हणजे मृत, असं आपण सर्रास म्हणतो. पण बेपत्ता माणसाबद्दलच्या कलमात ‘गृहीत’ हा शब्दच नाही. ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती अशांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्याने शाबीत करायचं, एवढंच कलम म्हणतं. मृत्यू कधी झाला, याबद्दल कायदा काहीच धरत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्या घराने मधल्या वर्षांचे हप्ते भरले नव्हते, पॉलिसी बंद पडली होती आणि विम्याची पूर्ण रक्कम मिळाली नाही. समुद्रावर गेलेल्या खलाशाची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या घराला हे कुणी वेळेवर सांगतं का? माणूस परत येईल या आशेवर जगणाऱ्या बाईला ‘हप्ता थांबवू नका’ एवढं एक वाक्य पोलीस ठाण्यात तक्रार घेतानाच सांगितलं गेलं पाहिजे.

चुकीचं गृहीत काय करतं, हे महाराष्ट्राला देसाईगंजने शिकवलं. १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असणार, असं धरलं गेलं. रात्रीचं पोलीस ठाणं, समोर गणवेशातली माणसं, आणि तिच्या गप्प राहण्यातून होकार काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं तिने साक्षीत सांगितलं, तर न्यायालय संमती नव्हती असं ‘धरील’. एका क्रियापदाचा कर्ता, कर्म आणि दिशा बदलण्यासाठी अकरा वर्षं आणि एका मुलीचं आयुष्य गेलं.

आता आमच्या धंद्याबद्दल. आरोपी निर्दोष आहे असं धरून खटला सुरू होतो, हे प्रत्येक पत्रकार जाणतो. तरी अटकेच्या संध्याकाळी मथळ्यात ‘नराधम’ हा शब्द चढतो. हे विशेषण म्हणजे शिडीची थेट तिसरी पायरी, जिथे विरुद्ध पुरावा ऐकायचाच नसतो. न्यायालय जे सगळं ऐकून करतं, ते आम्ही पंचनाम्याची शाई वाळायच्या आत करतो. पीडितेची बाजू घेण्यासाठी याची गरज नाही. उलट आरोपी पुढे सुटला की तीच पानं तिला खोटी ठरवू लागतात.

स्टीफनच्या कायद्यात एक उदाहरण आहे आणि नव्या कायद्यानेही ते ठेवलं आहे. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याजवळ सापडला आणि ज्याला खुलासा देता आला नाही, तो चोर किंवा माल ठाऊक असून घेणारा, असं न्यायालय धरू शकेल. पण खुणेचा रुपया चोरीला गेला आणि तो एका दुकानदाराच्या गल्ल्यात मिळाला तर? कुणाकडून आला हे त्याला सांगता येत नाही. न्यायालयाने इथे विचार करायचा की गल्ल्यात दिवसभर रुपये येतच असतात. गृहीत धरण्याची मुभा देतानाच, थांबून त्या माणसाचा दिवस कसा जातो ते पाहा, असं कायदा न्यायाधीशाला सांगतो. ‘धरू शकेल’मधलं हे ‘शकेल’ दीडशे वर्षं त्या दुकानदाराला वाचवत आलं आहे. आपल्या बोलण्यात आणि आमच्या मथळ्यांत त्या ‘शकेल’ला जागा मिळाली पाहिजे.