कवडीच्या बेटावरील गोडे पाणी

‘कवडीमोल’ हा शब्द आपण उठता-बसता वापरतो. पण एके काळी आपल्या देशात कवडी हे खरोखरीचे चलन होते आणि त्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होत असे. इ. स. १३४३ मध्ये तेथे पोहोचून पुढे काझी झालेल्या इब्न बतूताने, बेटावरचे लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात, असे नमूद करून ठेवले आहे. त्याच बेटांत दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर राहण्याचा योग आला. तेथे कवडीमोल काय आणि मोलाचे काय, याविषयीच्या माझ्या समजुती पार बदलल्या. ती हकीकत येथे सांगावीशी वाटते.

मालदीव म्हटले की श्रीमंतांची चैन, असा आपला समज असतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. १९७२ मध्ये तेथे पहिले पर्यटनकेंद्र उघडले, आणि पुढे एका बेटावर एकच आलिशान रिसॉर्ट अशी पद्धत रूढ झाली. स्थानिक लोकांची बेटे वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी. २००९-१० च्या सुमारास नियम बदलले आणि वस्तीच्या बेटांवरही रहिवाशांना पाहुणे ठेवण्याची मोकळीक मिळाली. आम्ही उतरलो ते माफुशी हे अशा बेटांपैकी सर्वांत गजबजलेले. राजधानी मालेच्या दक्षिणेस सुमारे २६ किलोमीटरवर असलेले हे बेट लांबीला जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. सावकाश चालले तरी तासाभरात त्याला प्रदक्षिणा होते.

आमचे हॉटेल किनाऱ्यालगतच होते. खोली लहान, पंखा कुरकुरणारा. पण खिडकी उघडली की समोर निळेशार पाणी. रिसॉर्टमध्ये एका रात्रीस जे पडते, त्यात आमचा आठवडा निघाला. वस्तीचे बेट असल्याने काही नियम पाळावे लागतात. मद्य मिळत नाही. गावातून फिरताना अंग झाकणारे कपडे घालावे लागतात. परदेशी पाहुण्यांच्या पोहण्यासाठी किनाऱ्याचा एक भाग आडोसा करून राखून ठेवलेला आहे. शुक्रवार हा सुट्टीचा वार. त्या दिवशी स्वस्त फेरीबोटीच्या भरवशावर राहू नये.

दुसऱ्या दिवशी समुद्रस्नान करून आलो आणि हॉटेलच्या दाराशी असलेल्या नळाखाली वाळू धूत उभा राहिलो. नळ सोडून शेजाऱ्याशी गप्पा सुरू. हॉटेलात काम करणारा बांगलादेशी मुलगा धावत आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “दादा, पानी बंद करो.” मला जरा रागच आला. चारी बाजूंना पाणी दाखवून मी म्हटले, “इतका पानी तो है!” तो हसून म्हणाला, “वो पानी दूसरा है, दादा.”

हे ‘दुसरे पाणी’ म्हणजे काय, ते पुढे समजून घेतले. मालदीवमध्ये पाऊस कमी नाही. वर्षाला सुमारे १,९०० ते २,००० मिलिमीटर पडतो. म्हणजे आपल्या बेळगाव शहरापेक्षा जास्तच. पण ही प्रवाळाची सपाट बेटे. समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच. नदी नाही, डोंगर नाही, राकसकोपसारखे धरण बांधायला जागाच नाही. पडलेले पाणी वाळूतून खाली मुरते.

मग ते समुद्राच्या पाण्यात मिसळून का जात नाही? गोड्या पाण्याच्या एका घनमीटरचे वजन १,००० किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ किलो. आमटीवर तेलाचा तवंग तरंगावा, तसे हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. बेटाच्या मध्यभागी जाड आणि कडांना पातळ, असा भिंगाच्या आकाराचा त्याचा थर तयार होतो. या दोन वजनांतील फरकामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक वीत वर असेल, तर तत्त्वतः खाली चाळीस विती गोडे पाणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी एका डच आणि एका जर्मन अभियंत्याने हा नियम स्वतंत्रपणे मांडला. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने पाणी ढवळले जाते आणि लहान बेटावर हा थर पुष्कळच पातळ राहतो.

आता हाच हिशेब उलटा करून पाहा. उपशामुळे विहिरीतील पातळी एक वीत खाली गेली, तर खालचे खारे पाणी चाळीस विती वर सरकू पाहते. शेकडो वर्षे बेटावरची कुटुंबे घरच्या उथळ विहिरीतून गरजेपुरते पाणी काढीत, तोवर हा तोल टिकला. पंप आले, वस्ती वाढली, शोषखड्ड्यांतील मैला त्याच वाळूत मुरू लागला आणि विहिरी बिघडल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अनेक बेटांवरील विहिरींत समुद्रच शिरला.

यावर उपाय म्हणजे पावसाचे पाणी टाक्यांत साठवणे आणि समुद्राचे पाणी गोडे करणे. गोडे करताना खारे पाणी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साठपट दाबाने एका सूक्ष्म पडद्यातून ढकलतात. त्यासाठी वीज लागते आणि तेथील बहुतेक वीज बाहेरून आणलेल्या डिझेलवर तयार होते. म्हणजे माझ्या पायांवरची वाळू मी डिझेलनेच धूत होतो! ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे ४ डिसेंबर २०१४ रोजी दिसले. मालेच्या जलशुद्धीकरण केंद्रात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पिण्याचे पाणी पाठविले.

मग अशा ठिकाणी जाऊच नये काय? तसे मला वाटत नाही. वस्तीच्या बेटावर उतरल्याने चार पैसे गावकऱ्यांच्या हाती जातात, आणि रिसॉर्टच्या कुंपणाआड जे झाकलेले राहते ते येथे डोळ्यांसमोर असते. मात्र पाहुण्याने आपला हिशेब ओळखावा. उरलेले दिवस आम्ही बादलीत पाणी घेऊन आंघोळ केली. त्या मुलाने ते पाहिले, पण तो काही बोलला नाही. फक्त संध्याकाळी न मागता चहा आणून दिला.

हा नियम केवळ मालदीवचा नव्हे. आपण दरवर्षी सहलीला ज्या गोव्याच्या किनाऱ्यावर जातो, तेथील वाळूतल्या विहिरींनाही तोच लागू आहे. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सहलीत समुद्रावरून येऊन नळाखाली उभे राहाल, तेव्हा ‘ते पाणी दुसरे’ एवढे ध्यानात ठेवा आणि पाय धुऊन होताच नळ बंद करा.