पहाटे साडेपाचला या

पहाटे ४.१५

झोप लागलीच नव्हती, त्यामुळे उठायचा प्रश्न नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पहिलीचा वर्ग. भिंतीवर बाराखडी, खाली सतरंजीवर आम्ही चौघं, आणि कोपऱ्यात ज्यांच्या राखणीला आलो त्या तीन पेट्या: कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट, व्हीव्हीपॅट. पोलीसदादा व्हरांड्यात. सातारा जिल्ह्यातलं गाव, तारीख २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. कुठल्या गावाला जायचं ते आम्हाला कालच साहित्यवाटपाच्या वेळी कळलं. कर्मचाऱ्यांच्या नावांची संगणकावर तीनदा सरमिसळ होते, यंत्रांची दोनदा, आणि कुठलं यंत्र कुठल्या केंद्राला गेलं त्याची यादी उमेदवारांना मिळते. ‘आपला माणूस, आपलं मशीन’ अशी जोडी आधीपासून जमवायची म्हटलं तर फार माणसं फोडावी लागतील.

मी केंद्राध्यक्ष. एरवी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचो. आता निवृत्त झालोय, म्हणून जरा मोकळेपणानं लिहितोय.

५.३०

मॉक पोल. मतदान सुरू व्हायच्या आधी दीड तास. संशय घेणाऱ्यांसाठी मुद्दाम राखून ठेवलेली वेळ दिवसभरात हीच, आणि नेमकी हीच सगळ्यात ओस. उमेदवारांचे प्रतिनिधी म्हणून एकच पोरगा हजर, स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून. नियम सांगतो, पंधरा मिनिटं वाट पाहा. पाहिली. तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचे एक आबा टॉर्च घेऊन आले. बाकीचे उजाडल्यावर येणार होते.

व्हीव्हीपॅटची पेटी उघडून दोघांना रिकामी दाखवली. कंट्रोल युनिटवर शून्य दाखवलं. मग ‘नोटा’सकट प्रत्येक बटण दाबत पन्नास मतं टाकली. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी येते, सात सेकंद थांबते, तुटून खाली पडते, मग लांब शिट्टी. पोरगा प्रत्येक मताला कागदावर रेघ ओढत होता. शेवटी क्लोज, रिझल्ट. यंत्राचा आकडा, पोराच्या रेघा आणि पेटीतल्या चिठ्ठ्या तिन्ही जुळल्या. मग क्लिअर. हे क्लिअर विसरलं तर सकाळची लुटुपुटूची मतं खऱ्यात मिसळतात आणि ते यंत्र मतमोजणीला बाजूला ठेवावं लागतं. त्यामुळे क्लिअर झाल्याचं मी दोघांना डोळ्यांनी बघायला लावलं. चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सीलबंद केल्या.

आबा म्हणाले, “पन्नासला बराबर येतंय वो सर. सातशेला येईल कशावरनं?”

प्रश्न रास्त होता. त्यांना सांगितलं ते असं: मतमोजणीला प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटमधल्या सगळ्या चिठ्ठ्या हातानं मोजतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून एकाची पाच झाली. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागायची सोय दिली. माझ्या मते पाच केंद्रं कमीच आहेत. चारदोन जास्त मोजली तर निकाल फार तर तासभर उशिरा लागेल, त्यानं कुणाचं काय बिघडतंय?

पण आबा आले तरी होते. पुढे डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचा घाट घातला आणि पोलिसांनी तो थांबवला, तेव्हा मला ही पहाट आठवली. मारकडवाडीत कोण किती वाजता हजर होतं मला ठाऊक नाही. माझ्या खोलीत दोघं होते.

६.४०

मेणबत्तीवर लाख वितळवताना बोटं पोळतातच. कंट्रोल युनिटच्या निकालाच्या झाकणाला हिरवं कागदी सील लागतं. त्यावर छापील नंबर असतो, शेजारी आम्ही आणि प्रतिनिधी सह्या करतो. पोराला मोबाईल आत आणायला बंदी, म्हणून त्यानं नंबर तळहातावर पेनानं लिहून घेतला. म्हटलं, “बाळा, घामानं पुसेल,” आणि त्याला अर्धा कागद फाडून दिला.

७.००

पहिलं मत एका म्हाताऱ्या गुरुजींचं. त्यांना पहिलंच द्यायचं असतं म्हणे.

९.००

क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन. “सर, नऊचा आकडा.” दिला. असे फोन दर दोन तासांनी. फोनवरच्या आकड्याची गोष्ट पाचला सांगतो.

१०.१०

मुंबईकरांची गाडी आली. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईत. माथाडी, गिरणीतला, आता सोसायटीत वॉचमन. नाव तिकडेही आणि इकडेही. कायद्यानं दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, पण इकडचं नाव काढायचा अर्ज कोण करतो? ते गावाशी नातं तोडल्यासारखं वाटतं. २०१४ च्या मार्चमध्ये नवी मुंबईत माथाडींच्या मेळाव्यात शरद पवार म्हणाले होते की आधी साताऱ्यात मत द्या, शाई पुसा, मग मुंबईत द्या. गहजब झाला तेव्हा आपण थट्टेत बोललो असं त्यांनी सांगितलं. थट्टा असली तरी तिच्यातलं वेळापत्रक खरं होतं: साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला, मुंबईचं २४ ला. २०२४ च्या लोकसभेलाही सातारा ७ मे आणि मुंबई २० मे. आज मात्र अख्ख्या राज्यात एकच दिवस, त्यामुळे गाडी इथं आली म्हणजे तिकडचं मत बुडालं.

माझ्या टेबलावर या दुबार नावांना पकडणारं काहीही नाही. पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे फक्त याच केंद्राची छापील यादी, आणि सोबत गैरहजर, स्थलांतरित, मयतांची वेगळी यादी. त्यातलं नाव पुकारलं की आम्ही ओळखपत्र दोनदा बघतो, सहीबरोबर अंगठाही घेतो. बाकी भिस्त शाईवर. म्हैसूरच्या कारखान्यातली सिल्व्हर नायट्रेटची शाई, डाव्या तर्जनीच्या नखावरून खाली कातडीपर्यंत ओढायची. कातडीवरची उतरते, नखावरची नख वाढेपर्यंत हटत नाही. म्हणून मी दुसऱ्या मतदान अधिकारी मॅडमना दिवसभर एकच सांगत होतो, नखावर ओढा.

यंत्राबद्दल देशभर बोललं जातं, यादीबद्दल त्या मानानं कमी. मला मात्र भीती यादीचीच वाटते.

११.४०

पन्नाशीच्या एक ताई आल्या. पहिल्या अधिकाऱ्यानं नाव शोधलं आणि मान वर केली. “मॅडम, तुमचं झालंय.”

“काय झालंय?”

“मतदान.”

त्यांनी डावा हात पुढे केला. नख स्वच्छ. ओळखपत्रावरचा फोटो त्यांचाच, यादीतलाही त्यांचाच. सतरा-ए म्हणजे मतदारांची नोंदवही. तिथे त्यांच्या क्रमांकासमोर अंगठा होता. ताई अंगणवाडी सेविका, सही फर्डी करतात. त्याच आडनावाच्या, त्याच नावाच्या आणखी एक जणी यादीत होत्या, त्यांच्या सासऱ्यांच्या भावकीतल्या. गर्दीत पहिल्या अधिकाऱ्यानं चुकीच्या ओळीवर खूण केली असेल, की सकाळी खरंच कुणी यांच्या नावानं येऊन गेलं? त्या वेळी प्रतिनिधींनी हरकत घेतली असती तर उलगडा तिथल्या तिथं झाला असता. दोन रुपये भरून कुठल्याही मतदाराच्या ओळखीवर हरकत घेता येते, मग केंद्राध्यक्षानं चौकशी करून निकाल द्यायचा. पण गावात उद्या एकाच पाणवठ्यावर जायचं असतं. दोन रुपये कुणी काढत नाही.

अशा वेळी प्रदत्त मत. यंत्रावर नाही, कागदावर. ताईंची वेगळ्या नमुन्यावर सही घेतली, पाठीमागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं लिहिलेली मतपत्रिका आणि बाणफुलीचा शिक्का दिला. आडोशाला जाऊन त्यांनी शिक्का मारला, घडी घालून माझ्याकडे दिली, मी ती पाकिटात टाकली.

“हे मोजणार ना, सर?”

खोटं बोलणं सोपं होतं. मोजणीच्या दिवशी ही पाकिटं उघडत नाहीत. निकालाला न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयाला गरज वाटली तरच. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मतानं हरले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांवरून खटला चालला. हे सगळं ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझं मत कोर्टात जाणार आणि जिनं अंगठा केला तिचं मशिनीत.” मी दैनंदिनीत नोंद केली. याहून जास्त माझ्या हातात नव्हतं, आणि ते पुरेसं नाही हेही मला तिथंच कळत होतं.

१.३०

पिठलं-भाकरी, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या हातची. उमेदवाराच्या माणसांकडून आलेलं काही घ्यायचं नाही, म्हणून पैसे देऊन. आबा जेवायला घरी गेले.

३.००

आबा परतले नाहीत. सकाळी उजाडल्यावर आलेले दोन प्रतिनिधीही पांगले. पोरगा जागेवर.

मी दर तासाला कंट्रोल युनिटचं टोटलचं बटण दाबून आकडा सतरा-एशी ताडून बघतो. आत्ता एकाचा फरक. नोंदवहीत एक जास्त, यंत्रात एक कमी. कानशिलं तापली. मग तिसऱ्या अधिकाऱ्याला आठवलं: मघाशी एक तरुण सही करून, शाई लावून आडोशापर्यंत गेला आणि “नको, जाऊ दे” म्हणून परत फिरला. तसा शेरा त्याच्या नावासमोर मारून त्याची सही घ्यायची असते, ती राहिली होती. पोलीसदादांनी त्याला चहाच्या टपरीवरून बोलावून आणलं. शेरा, सही. फरकाचं उत्तर कागदावर आलं. ते आलं नसतं तर शनिवारी, मोजणीच्या टेबलावर, हेच एक मत ‘घोटाळा’ झालं असतं.

५.००

“सर, पाचचा आकडा द्या पटकन.” रेंज नाही, रांग व्हरांड्यातून पटांगणात उतरलेली, मॅडमच्या हातातली शाईची काडी थांबत नाही. मी सतरा-एमधला शेवटचा अनुक्रमांक ओरडून सांगितला. पलीकडे साहेबांनी तो ऐकला तसा लिहिला, त्यांच्याकडच्या सगळ्या केंद्रांची बेरीज केली आणि वर पाठवली. वर म्हणजे तालुका, जिल्हा, मुंबई. राज्याचा पाचचा आकडा ५८.२२ टक्के जाहीर झाला, अंतिम ६६.०५. मधली वाढ कुठून आली, हा वाद पुढे वर्षभर चालला.

मला त्या फरकाचं नवल वाटलं नाही. पाचनंतर एक तास आणि पुढे रांग संपेपर्यंत मतदान चालतं, आणि पाचचा आकडा मुळात ओरडून दिलेला होता. पण मला नवल वाटलं नाही म्हणून लोकांनी गप्प बसावं असं नाही. खरा आकडा सतरा-सीवर, म्हणजे केंद्रातल्या मतांच्या हिशेबाच्या पत्रिकेवर असतो. ती राज्यातल्या सुमारे एक लाख केंद्रांवर त्याच रात्री भरली जाते. लोकसभेच्या वेळी ती संकेतस्थळावर टाका अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. आयोगानं विरोध केला आणि निवडणूक अर्ध्यावर असताना आदेश देता येणार नाही असं न्यायालयानं मे महिन्यात सांगितलं. विधानसभेनंतर, डिसेंबरात, सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक नोंद सर्वसामान्यांना पाहायला मिळू नये असा बदल नियमात झाला. आतला माणूस म्हणून सांगतो, मला हे पटलेलं नाही. माझ्या वर्गातल्या कॅमेऱ्यात रात्री सातपर्यंतची रांग दिसत असणार. ती दाखवली असती तर माझीच बाजू बळकट झाली असती.

६.००

रांगेतल्या शेवटच्या माणसापासून उलट्या क्रमानं, माझ्या सहीच्या चिठ्ठ्या वाटत आलो. सहानंतर येणाऱ्याला रांगेत घुसायला जागाच उरत नाही. एक जण दुचाकीवरून धापा टाकत आला, दोन मिनिटं उशिरा. खूप वाद घातला. परत पाठवला.

७.०५

शेवटचं मत पडलं. क्लोजचं बटण दाबलं. यानंतर या यंत्रात मत पडत नाही. टोटल वाचून दाखवली, सतरा-एशी जुळवली, तो एक शेरा वजा केला. सतरा-सी भरली: नोंदवहीतली संख्या, मत न देता गेलेले, यंत्रातली संख्या, प्रदत्त मत १, कागदी सीलचा नंबर. पोरानं खिशातून अर्धा कागद काढला, घडीवर शाई पसरली होती पण नंबर वाचता येत होता. सीलवरचा अंक न् अंक ताडला, मग सही केली. त्याला सही-शिक्क्याची प्रत दिली. बाकी प्रतिनिधी नव्हते, त्यांच्या नावापुढे ‘हजर नाहीत’.

१०.५०

तालुक्याला साहित्य जमा करायच्या रांगेत. आमच्या पुढे बरीच केंद्रं. खांद्यावर पिशव्या, मांडीवर कंट्रोल युनिट. टेबलावर बसलेला कारकून आधी सतरा-सीच मागतो. दुपारी गेलेल्या आबांचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

“सर, आपल्या बूथचा फायनल आकडा सांगा की. सायबांना कळवायचाय.”

“फोनवर नाही सांगत, आबा. सकाळी तुमच्याबरोबर बसला होता ना तो मफलरवाला, त्याच्याकडे सही-शिक्क्याची प्रत आहे. तिथे बघा.”

“तो आपल्या विरोधातला हाय वो.”

“म्हणून तर त्याच्याकडची बघा म्हणतोय.”