आवाज वर नको, पेटी खाली घ्या

गिरगाव किंवा लालबागच्या चाळीतली खोली साधारण १० बाय १२ फुटांची. तिच्यात गाणारा, पेटी, तबला आणि कोपऱ्यात लॅपटॉप. अभंग, भावगीतं, गणपतीची गाणी हल्ली अशाच खोल्यांत रेकॉर्ड होतात. गाणारा सुरात असतो, तबला लयीत असतो, तरी घरी केलेलं मिक्स ऐकावं तर शब्द पेटीत बुडालेले, डग्गा घुमतोय आणि सगळं मोरीतून आल्यासारखं. हा दोष बहुतेक वेळा मिक्सिंगच्या आधीचा असतो, म्हणून सुरुवात खोलीपासून करू.

पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण पंख्याची घरघर खालपासून वरपर्यंत पसरलेली असते. ती नंतर पुसायला गेलं की गळ्याचा पोतही पुसला जातो. चर्नी रोड किंवा परळला रुळांजवळ राहत असाल तर मध्यरात्रीनंतर शेवटची लोकल गेली की पहाटे पहिली सुटेपर्यंतचे दोन-अडीच तास तुमचे. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

आता गोधडी. नवखा माणूस ती माइकच्या मागे टांगतो. घरगुती कामाचे बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फारसं ऐकत नाहीत. गळ्यातून निघालेला आवाज खोलीभर आपटून गाणाऱ्याच्या पाठच्या भिंतीवरून परततो आणि सरळ माइकच्या तोंडात शिरतो. गोधडी तिथे हवी, गाणाऱ्याच्या पाठीशी. कपड्यांचं कपाट त्या बाजूला असेल तर दार उघडं ठेवा, तेवढ्यानेही फरक पडतो. तबला आणि पेटी माइकच्या पाठीमागे, गाणाऱ्याच्या समोर बसवा. त्यांचा आवाज गाण्याच्या ट्रॅकमध्ये कमी झिरपेल.

तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर पुरे. अंतर निम्मं केलं की गळ्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. लांबून आल्यासारखं वाटणं इथेच मिटतं. अंतराची ही करामत जुनी आहे. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’साठी आपल्याला माइकपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला लावलं होतं, असं लता मंगेशकर सांगत. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की सर्वांत जोरकस तानेलाही मीटर उणे ६ ते उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल. २४ बिटला रेकॉर्ड करत असाल तर आवाज बारीक आला म्हणून काही बिघडत नाही. फाटला तर कायमचा फाटला.

मिक्सला बसल्यावर सगळे फेडर खाली ओढा. आधी एकटा गळा वर घ्या, मग तबला. पेटी शेवटी. ती हळूहळू वर आणत, ऐकू येते आहे एवढं कळलं की थांबा. पेटी गायकाची साथ करते, म्हणजे तेच सूर त्याच क्षणी वाजवते, आणि म्हणूनच तिच्याइतकं गळ्याला दुसरं कुठलंही वाद्य झाकत नाही. शब्द कळेनात की नवखा माणूस गळ्याचा फेडर चढवतो, मग तबला बारीक वाटतो म्हणून तोही चढवतो, आणि शेवटी सगळं तांबड्यात जातं. व्यंजनांची धार साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. ईक्यूने पेटीतून त्या पट्ट्यात ३ डेसिबल काढा. गळ्याला हात न लावता शब्द पुढे येतात. वेगवेगळे ट्रॅक असतील तर गळा आणि डग्गा मधोमध ठेवून पेटी थोडी डावीकडे सरकवा, टाळ उजवीकडे.

गळ्याच्या ट्रॅकवर हाय-पास फिल्टर लावून खालची घरघर कापावी. कुठून, ते पट्टी सांगते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झला असतो, तेव्हा ८० पर्यंत कापणं निर्धोक. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा तोच पंचम १५६ च्या आसपास, तिथे ११०-१२० पर्यंत जायला हरकत नाही.

कॉम्प्रेसर जपून. मोठे आवाज ६ डेसिबलने दाबून सगळा ट्रॅक ६ डेसिबलने उचलला, तर मधल्या शांततेतला श्वास आणि गॅलरीतली बडबडही ६ डेसिबलने उचलली जाते. त्याऐवजी आधी ओळीओळीचा व्हॉल्यूम हाताने सारखा करा. काम कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर कॉम्प्रेसरने २-३ डेसिबल दाबले तरी भागतं. रिव्हर्ब सुरू होण्याआधी ३० मिलिसेकंदांचा अवकाश दिला की शब्द कोरडा आणि स्पष्ट उमटतो, गुंजन मागाहून येतं. रिव्हर्ब आहे हे ऐकताना लक्षात आलं, तर तो जास्त झाला आहे.

डग्ग्याबद्दल मात्र स्वतःच्या खोलीवर विश्वास ठेवू नका. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्या दोघींत अडकून घुमतो, १२ फुटांना ४७ च्या. खोलीच्या बरोबर मधोमध बसलात तर हाच खर्ज नाहीसा होतो आणि तुम्ही तो उगाच वाढवता. भिंतीला टेकून बसलात तर फुगलेला ऐकू येतो आणि तुम्ही कापता. खर्जाचा निवाडा हेडफोनवर करा, शब्दांचा मोबाइलच्या स्पीकरवर. बहुतेक लोक गाणं मोबाइलवरच ऐकणार आहेत.

शेवटी सगळं कर्कश मोठं करण्याचा मोह होतो. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं हे माप) पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे जास्त ठासलेलं गाणं तिथे खालीच येतं आणि वर चपटंही राहतं.

हे सगळं करूनही मिक्स बसत नसेल तर लॅमिंग्टन रोडला नवा माइक आणायला पळू नका. गोधडीची जागा बदला, वीतभर अंतरावर उभे राहा आणि गाणं पुन्हा म्हणा. बिघडलेला ट्रॅक दुरुस्त करण्यापेक्षा त्याला वेळ कमी लागतो.