बार्शीचा इंजिनिअर, माथेरानची गाडी आणि हाकोनेचं एक तिकीट

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला प्रवासी रेल्वे सुरू झाली. १६८ किलोमीटरचा हा टप्पा पुरा व्हायला दोन पिढ्या गेल्या. बीड जिल्ह्यातलं आमचं चौसाळा धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. इथे हात दाखवला की एसटी मिळते, रात्री ट्रॅव्हल्सची रांग लागते, पण रुळांचा आवाज इथल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात मोजक्या वेळा ऐकला असेल. आपल्याकडे नवरा-बायको बाहेर पडतात ते तुळजापूरला, पंढरपूरला, लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्याला. दोघांनीच, निव्वळ डोंगर पाहायला, एक अख्खा दिवस काढायचा ही रीत शेतकरी घरात नाही. ती पडावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून असा दिवस जपानमध्ये कसा जातो आणि महाराष्ट्रात कसा जाऊ शकतो, हे सविस्तर सांगतो.

टोकियोजवळ हाकोने नावाचा ज्वालामुखीचा डोंगराळ मुलूख आहे. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनवरून ‘रोमान्सकार’ नावाची गाडी साधारण दीड तासात हाकोने-युमोतोला पोहोचवते. तिथून पुढे छोटी डोंगरी रेल्वे. १९१९ साली सुरू झालेली ही विजेची गाडी युमोतो ते गोरा हे नऊ किलोमीटरांचं अंतर चढते. चढ काही ठिकाणी इतका खडा, की साडेबारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. दातेरी रूळ नाहीत, साध्या रुळांवरच ती चढते. वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबते, चालक आणि गार्ड आपापली जागा बदलतात, आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा टप्पा चढू लागते. वळणं फार तीव्र असल्याने चाकं रुळाला घासतात. तेल लावावं तर चढावर चाक घसरेल, म्हणून गाडीतल्या टाकीतून रुळांवर पाणी सोडतात. जून-जुलैत, त्यांच्या पावसाळ्यात, रुळांच्या दोन्ही अंगांना अजिसाईची (हायड्रेंजियाची) निळी-जांभळी फुलं डब्याला टेकतात.

गोरा स्टेशनला उतरलं की दोराने ओढली जाणारी गाडी, म्हणजे फ्युनिक्युलर. ती १९२१ मध्ये सुरू झाली. मग रोपवे, जो ओवाकुदानीच्या गंधकाच्या धुरावरून जातो. तिथे गरम झऱ्यात उकडलेली, काळ्या कवचाची अंडी मिळतात. एक खाल्लं तर आयुष्य सात वर्षांनी वाढतं अशी तिथल्या लोकांची समजूत. हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो. पलीकडे उतरलं की आशी सरोवर, त्यात बोट, आणि शेवटी बसने परत रेल्वे स्टेशनवर. रेल्वे, फ्युनिक्युलर, रोपवे, बोट, बस. या सगळ्यांना एकच पास चालतो. एका वाहनातून उतरलेल्या जोडप्याला पुढचं कुठे आणि कसं, हे शोधत बसावं लागत नाही.

आता आपल्याकडे या. बार्शी ही आपल्या भागाची जुनी बाजारपेठ. १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे धावू लागली. पुढे ती एका बाजूला पंढरपूरला आणि नंतर मिरजेला, तर दुसऱ्या बाजूला १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोहोचली. आपला महामार्ग दक्षिणेला याच येडशीवरून जातो. ही रेल्वे उभी करणारा इंजिनिअर म्हणजे एव्हरार्ड काल्थ्रॉप. इंग्लंडमधून आलेला हा माणूस आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. अरुंद रुळांवरही जड माल नेता येतो, फक्त प्रत्येक आसावर सारखं वजन पडेल असे डबे आणि इंजिनं बांधली पाहिजेत, हा त्याचा ध्यास होता. बार्शीच्या गाडीने तो खरा करून दाखवला. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूटही तयार केलं.

माथेरानची रेल्वे आखताना सल्लागार इंजिनिअर हाच काल्थ्रॉप होता. आपल्या बार्शीचं आणि माथेरानचं हे नातं शाळेत कुणी शिकवत नाही, आणि ते शिकवायला हवं. पैसा आणि जिद्द मात्र मुंबईच्या आदमजी पीरभॉय घराण्याची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये खर्चून १९०४ ते १९०७ या काळात ही रेल्वे बांधली. रुळांची रुंदी दोन फूट, म्हणजे बार्शीच्या गाडीहूनही कमी. नेरळपासून माथेरानपर्यंत अंतर सुमारे वीस किलोमीटर, आणि तेवढ्यात साडेसातशे मीटरच्या आसपास चढाई. काही ठिकाणी तर वीस मीटरला एक मीटर असा चढ. हाकोनेत गाडी दिशा बदलून चढते. माथेरानची गाडी घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत डोंगराला वेढे घालत जाते. खिडकीतून पाहिलं की आपण मघाशी आलो ते रूळ खाली दिसतात. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही वाटेतली स्टेशनं. मार्गावर बोगदा एकच, तोही एवढासा की इंग्रज त्याला ‘वन किस टनेल’ म्हणत. जोडप्यांनी त्याचा अर्थ आपापला लावावा.

माथेरानला मोटारीला बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे पायी, घोड्यावर, किंवा अमन लॉजवरून सुटणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलने. तांबड्या मातीची वाट, डोक्यावर झाडांची गच्च सावली, आणि हॉर्न नाही. महामार्गाच्या कडेला जन्म काढलेल्या आम्हा चौसाळेकरांना त्या शांततेची किंमत अधिक कळते.

चौसाळ्याहून जायचं तर रात्रीच्या बसने पहाटे पुणे गाठावं आणि तिथून मुंबईकडची रेल्वे धरावी. बसने थेट खोपोलीकडे उतरू नका, कारण मग बोरघाटाची रेल्वे हुकते. १८६३ साली खुला झालेला हा घाट आपल्या देशातल्या मोठ्या पराक्रमांपैकी एक. सॉलोमन ट्रेडवेल या ठेकेदाराने १८५९ मध्ये काम हाती घेतलं आणि भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार माणसं नेमून तिने ते काम तडीला नेलं. नवरा-बायकोने मिळून पाहावा असा हा घाट आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. खंडाळ्याजवळ एके काळी इथेही गाडी थांबून उलट्या दिशेने निघायची, अगदी आजच्या हाकोनेसारखी. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि ती पद्धत संपली. आजही कर्जतहून वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. कर्जतला उतरून दिवाडकरांचा वडा खावा, लोकलने नेरळला यावं आणि मिनी ट्रेनच्या तिकिटाच्या रांगेत वेळेआधी उभं राहावं. नेरळहून वर जाणाऱ्या फेऱ्या मोजक्याच आहेत आणि त्या सकाळी सुटतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज मार्ग बंद असतो, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

तुलना करताना न्यायाने बोललं पाहिजे. सह्याद्रीचा पाऊस वेगळाच आहे. २००५ च्या प्रलयात माथेरानचे रूळ वाहून गेले आणि दोन वर्षं गाडी बंद राहिली. तरीही एक गोष्ट मला बोचते. २०१९ च्या ऑक्टोबरात वादळाने हाकोनेची रेल्वे उद्ध्वस्त केली, आणि २०२० च्या जुलैत ती पुन्हा धावली. त्याच २०१९ च्या पावसाळ्यात आपली माथेरानची गाडी बंद पडली. नेरळपासून ती पुन्हा सुटली २२ ऑक्टोबर २०२२ ला. पर्यटनावर पोट असलेल्या गावाला तीन वर्षं फार होतात.

साधनं आपल्याकडे कमी नाहीत. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर आहे. बोरघाट आहे, माथेरान आहे. कमी आहे ती सांधेजोड. एसटी, रेल्वे, मिनी ट्रेन आणि शटल यांचं एक तिकीट आणि एकमेकांशी जुळणारं वेळापत्रक करायला नवे रूळ टाकावे लागत नाहीत.

बीडला रेल्वे आली ती मागणी सोडली नाही म्हणून. आता पुढची मागणी करू या: बीडहून पुण्यापर्यंत थेट गाडी, आणि तिथून माथेरानपर्यंत एकच तिकीट. तोवर थांबू नका. या हिवाळ्यात, तूर काढायच्या आधी, दोघांनी चार दिवस आधी घरच्यांना सांगून ठेवा आणि जाऊन या.