पहिला प्रश्न कांद्याचा

देवळ्यात मी मुलांची सामान्यज्ञानाची तयारी करून घेतो, आणि पहिला प्रश्न कांद्याचाच विचारतो: चिरताना डोळ्यांत पाणी का येतं? चाळीत कांदा भरणाऱ्या घरांतली ही पोरं, तरी उत्तर क्वचितच येतं. कांद्याच्या पेशी फुटल्या की आत वेगवेगळी असलेली विकरं आणि गंधकयुक्त द्रव्यं एकत्र येतात. त्यातून तयार होणारा वायू डोळ्यांना झोंबतो आणि तो धुऊन काढायला डोळे पाणी सोडतात. यामागचं एक महत्त्वाचं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं. कांदा आधी गार करून चिरला, तर विकरांचं काम मंदावतं. घरी जाऊन करून बघा म्हटलं, की पोरं खरंच करतात.

मग शेजारच्या बागलाणातला साल्हेर: उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी तिथे मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. दादासाहेब फाळकेही आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण त्या भूमिकेला बाई मिळेना.

पालकांनो, राजधान्यांच्या याद्या नंतर पाठ करून घ्या. आधी आपल्या शिवारातला एक प्रश्न विचारा.