सिस्टर, ऑफिसर की परिचारिका?

वॉर्डात आपण ‘सिस्टर’ अशी हाक मारतो. पुरुष असला तर ‘ब्रदर’. नाते जोडले, की पगाराचे आणि लांबलेल्या पाळीचे बोलणे अवघड होते. बहिणीने का हिशेब मागायचा? ‘नर्स’ म्हणजे तर मुळात दूध पाजणारी दाई. आज हीच मंडळी व्हेंटिलेटर सांभाळतात, औषधाची मात्रा चुकत असेल तर डॉक्टरांना हटकतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांत ‘नर्सिंग ऑफिसर’ हे पदनाम आणले. मान मिळाला खरा, पण मला त्यात फायलींचा वास येतो. आपला ‘परिचारिका’ काय वाईट? चरकसंहितेत परिचराचे चार गुण सांगितले आहेत : उपचारांचे ज्ञान, कौशल्य, अनुराग आणि शुचिता. ज्ञान आधी, माया नंतर. आणि आज जिल्हा परिषदेत ‘परिचर’ म्हणजे शिपाई!