सुईवरचे काम

ज्या घरात कुणी हौसेने लोकरीचे किंवा दोऱ्याचे विणकाम करते, त्या घरातली विणकामाची पिशवी उघडून पाहिली, तर तिच्यात पुऱ्या झालेल्या वस्तूंपेक्षा अर्ध्यावर असलेली कामेच अधिक सापडतात. आणि घरातील इतर माणसे, विशेषतः पुरुषमंडळी, तेवढ्यावरून विणणाऱ्या बाईच्या धरसोडपणाविषयी आपला निर्णय देऊन मोकळी होतात. हा निर्णय अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते माझ्या थोरल्या वहिनींचे काम अनेक वर्षे जवळून पाहिल्यामुळे बनलेले आहे.

वहिनी पुण्यात राहतात. आजमितीस त्यांच्या सुईवर पाच कामे आहेत. भाचीच्या बाळंतविड्यासाठी पिवळ्या लोकरीचे झबले आणि टोपरे. आमच्या बंधूंसाठी करड्या रंगाचा, पुढे वेणीची वीण असलेला पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पायमोज्यांचा एक जोड, ज्यातला एक मोजा पुरा होऊन दुसरा घोट्यापर्यंत आला आहे. उरल्यासुरल्या लोकरीच्या चौकोनांची एक मोठी चादर. आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचा, क्रोशाचा, ताटावर टाकायचा रुमाल. वरवर पाहता हा पसारा आहे. परंतु कोणते काम कोणत्या वेळी हाती घेतले जाते याची नोंद ठेवली, तर त्यात एक काटेकोर शिरस्ता दिसून येतो. पाहुण्यांशी बोलताना झबले हाती असते, कारण त्यात सुलट टाक्यांच्या सरळ ओळी आहेत आणि बोटांना डोळ्यांची गरज नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत किंवा रेल्वेच्या प्रवासात चौकोन निघतात, कारण एकेक चौकोन तळहातावर मावतो आणि मध्येच थांबावे लागले तरी बिघडत नाही. वेणीच्या विणीचा स्वेटर मात्र दुपारच्या निवांत वेळेखेरीज बाहेर येत नाही, आणि त्या वेळी मी काही विचारले, तर मान वर न करता उत्तर येते, “भाऊजी, एवढी ओळ होऊ द्या.” अनेक कामे एकदम चालू ठेवणे ही अशा रीतीने दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी मनाला जेवढी एकाग्रता शक्य आहे तेवढेच काम त्याच्यावर सोपविण्याची तजवीज आहे.

ज्यांनी हे काम कधी केलेले नाही, त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच, आणि तो फासांच्या ओळींतून पुढे सरकतो. खालच्या ओळीतल्या प्रत्येक फासातून नवा फास ओढून वरची ओळ बनते. फास आकार बदलू शकतो, रुंदीला पसरून उंचीला आखडू शकतो, म्हणूनच विणलेले वस्त्र अंगाबरोबर ताणले जाते आणि सोडताच पूर्ववत होते. ज्याला सुलट आणि उलट म्हणतात ते वस्तुतः एकाच टाक्याचे दोन चेहरे आहेत: एका अंगाने जो टाका सुलट, तोच दुसऱ्या अंगाने उलट. एक ओळ सुलट व एक ओळ उलट असे विणत गेले, तर कापडाला गुळगुळीत दर्शनी बाजू मिळते, पण त्याच्या कडा मुरडतात. दोन टाके सुलट, दोन उलट असे ओळीतच आलटून पालटून घातले, तर कडा मुरडत नाहीत आणि कापड कमालीचे लवचीक होते. स्वेटरचा घेर, मनगट आणि गळा याच विणीचे का असतात, त्याचे कारण हे.

क्रोशाचा प्रकार निराळा. तिथे आकडा असलेली एकच सुई असते आणि तिच्यावर बहुधा एकच फास जिवंत असतो. साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब एवढ्या मोजक्या सामग्रीवर त्याचा सारा प्रपंच उभा आहे. सुयांवरच्या कामात सुई निसटली, तर ओळीतले शंभर-दोनशे फास एकदम निराधार होतात. क्रोशात फार तर एक.

निसटलेला टाका वर आणण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. टाका सुईवरून गळतो आणि ओळीमागून ओळ उकलत खाली जातो. त्याच्या वाटेवर आडव्या धाग्यांच्या पायऱ्या तेवढ्या मोकळ्या राहतात. नवशिकी मुलगी अशा वेळी घाबरून सबंध काम उसवायला घेते. वहिनी क्रोशाची सुई घेतात, अगदी तळाशी थांबलेल्या फासात ती समोरून घालतात, त्याच्या लगतची पायरी आकड्यात पकडून फासातून पुढे ओढतात, म्हणजे त्या ओळीचा टाका पुन्हा तयार होतो; मग वरची पायरी, मग त्याच्या वरची, आणि शेवटी तो टाका मूळ सुईवर त्याच्या जागी बसविला जातो. दहा ओळी खाली गेलेला टाका दोन मिनिटांत परत येतो, आणि कापड हाताने जरा ताणून सारखे केले की कुठे गळला होता हे त्यांनाही सांगता येत नाही.

या कामातले गणित हा मला सर्वाधिक आदराचा विषय वाटतो. समजा, पुस्तकातल्या नमुन्याप्रमाणे दहा सेंटिमीटरांत 22 टाके बसतात आणि स्वेटरची छाती 100 सेंटिमीटर हवी आहे. म्हणजे घेराला 220 टाके. पण प्रत्येकाचा हात सैल किंवा घट्ट असतो. ज्या हाताने दहा सेंटिमीटरांत 20च टाके बसतात, त्या हाताने 220 टाके घातले तर छाती 110 सेंटिमीटर होईल आणि महिनाभराचे श्रम वाया जातील. म्हणून जाणती बाई आधी एक लहान चौकोन विणते, पट्टी लावून टाके मोजते, आणि गरज पडली तर सुईचा नंबर बदलते. या नंबरांचा जुना इंग्रजी हिशेब आपल्याकडच्या दुकानांत अजून चालतो आणि तो उलटा आहे: नंबर वाढेल तशी सुई बारीक. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाडीची, तर दहा नंबरची सव्वातीन.

बाहीचा जमाखर्च याहून नाजूक. मनगटाशी 48 टाके आहेत आणि दंडाशी 80 व्हायला हवेत. म्हणजे 32 वाढवायचे. दोन्ही कडांना एकेक वाढवला तर वाढीच्या 16 ओळी झाल्या, आणि बाहीची लांबी 96 ओळींची असेल तर दर सहाव्या ओळीला वाढ. दुसऱ्या बाहीत हाच क्रम चुकता कामा नये. वहिनी मॅट्रिकनंतर पुढे शिकल्या नाहीत. पण हे भागाकार त्यांनी कागदावर केलेले मी पाहिलेले नाहीत.

क्रोशाच्या गोल रुमालात तर गणिताची एक विलक्षण शाखाच दडलेली आहे. मध्यभागापासून फेरीमागून फेरी घालताना प्रत्येक फेरीत योग्य तेवढेच खांब वाढवले, तर रुमाल सपाट बसतो. वाढ कमी पडली, तर कडा वर उचलल्या जाऊन वाटीसारखा आकार येतो. बाळाचे टोपरे याच युक्तीने होते. वाढ जास्त झाली, तर कडेला झालर पडते आणि तो रुमाल कितीही इस्त्री केली तरी सपाट होत नाही. ही झालर रुमालात दोष म्हणून गणली जाते. परंतु 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात, मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी, ठराविक टाक्यांमागे एक टाका वाढवण्याचा नियम धरून मुद्दाम अशीच झालर विणली, आणि अपास्तीय भूमितीतील ज्या पृष्ठभागाला हायपरबोलिक प्रतल म्हणतात त्याची हाताळता येण्याजोगी, टिकाऊ प्रतिकृती विद्यार्थ्यांसमोर ठेवली. त्यापूर्वी कागदाच्या पट्ट्या जोडून अशा प्रतिकृती करीत, त्या हाताळताना फाटत. दिलेल्या रेषेला बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेषा काढता येते, हा शाळेत शिकलेला नियम त्या पृष्ठभागावर लागू पडत नाही, हे तिथे दोरा ओवून दाखवता येते. सपाट रुमाल, टोपरे आणि झालर ही भूमितीची तीन राज्ये एकाच आकड्याच्या सुईच्या अमलाखाली नांदतात, हे कळल्यापासून वहिनींच्या टोपलीकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे.

या कलेचा इतिहास थोडक्यात सांगतो. सुयांवर विणलेले जुन्यात जुने जे नमुने आज संग्रहालयांत आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले, साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले, निळ्या-पांढऱ्या सुताचे पायमोजे आहेत. उष्ण देशातले, आणि सुती! विणकाम हे थंड मुलखाचेच लेणे आहे या आपल्या समजुतीला त्यामुळे बाध येतो. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या प्रजेचा रोजगार बुडेल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला मक्त्याची सनद नाकारली, असे सांगतात. पुढे ती यंत्रविद्या सर्वत्र पसरली. क्रोशाची गोष्ट मात्र वेगळी राहिली. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याचा प्रसार झाला. 1845 पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून जो भीषण दुष्काळ पडला, त्यात जोगिणींच्या मठांतून शिकविलेल्या क्रोशाच्या लेसवर कित्येक कुटुंबे जगली. आणि आजही खऱ्या क्रोशाचे काम करणारे यंत्र कारखान्यांत रूढ झालेले नाही. बाजारात क्रोशाचा स्वस्त सदरा टांगलेला दिसला, तर तो कुठल्या तरी माणसाच्या हातांनी विणलेला आहे, एवढे खरेदी करताना ध्यानात असावे.

आपल्या देशात ही विद्या प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या शाळांतून आली आणि मग मुलींच्या शाळांतील शिवणकाम-भरतकामाच्या तासांतून, स्त्रियांच्या मासिकांत छापून येणाऱ्या नमुन्यांतून घराघरांत रुजली. महाराष्ट्रात थंडी दोन-अडीच महिन्यांची. तरीही लोकरीचे मोजे आणि टोपरे यांखेरीज बाळंतविडा पुरा होत नाही. 1962 साली चीनने आक्रमण केले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्या हिवाळ्यात देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर आणि मोजे विणून पाठविले. त्या वेळी या कामाला कुणी फावल्या वेळेचा उद्योग म्हटले नाही.

एरवी मात्र तसेच म्हटले जाते, आणि त्याचे परिणाम केवळ शब्दांपुरते राहत नाहीत. आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या नरसापूर परिसरात हजारो स्त्रिया क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 मध्ये या स्त्रियांवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी दाखवून दिले की, दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या या बायांना कामगार न मानता गृहिणी मानले गेले, त्यांचे काम फुरसतीचे ठरले, आणि म्हणून त्यांची मजुरीही अत्यल्प राहिली. हौसेने विणणाऱ्या गृहिणीची आणि पोटासाठी विणणाऱ्या या स्त्रियांची परिस्थिती एक नाही, हे मी जाणतो; पण पहिलीच्या कसबाला घरात जी किंमत मिळते, तिच्यावरूनच दुसरीच्या मजुरीचा दर बाजारात ठरत असतो, अशी माझी खात्री आहे.

वहिनींच्या टोपलीत या पाच कामांखाली एक जुनी वही आहे. तिच्यात त्यांच्या सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हस्ताक्षरातल्या विणी उतरलेल्या आहेत: “दोन सु., धागा पुढे, दोन एकत्र” अशा त्रोटक ओळी, आणि कुठे कुठे पानाला टाचणीने लावलेला दोन बोटांचा लोकरीचा नमुना. यांतल्या काही विणींचा मजकूर इतका संक्षिप्त आहे की, केवळ वाचून त्या कुणालाही जमणार नाहीत. वहिनींना त्या येतात, कारण त्यांनी त्या आईच्या शेजारी बसून शिकून घेतल्या. आणखी वीस वर्षांनी त्या ओळींचा अर्थ सांगणारे कोण असेल?

म्हणून ज्यांच्या घरात असे विणणारे हात आहेत, त्यांना माझी विनंती आहे. अर्धवट कामासोबत एक चिठ्ठी ठेवण्याची सवय लावून घ्या. तिच्यावर सुईचा नंबर, लोकर किती पदरी, तिच्या वेष्टनावरचा रंगाचा व घाण्याचा (एकाच वेळी रंगवलेल्या गठ्ठ्याचा) क्रमांक, घातलेले टाके आणि पुढची ओळ कोणती, एवढे लिहिलेले असले की वर्षभराने, किंवा दुसऱ्याच्या हातानेही, ते काम पुढे चालू शकते. पुऱ्या झालेल्या वस्तूच्या आतल्या बाजूला विणणारीचे नाव आणि साल धाग्याने घाला. आणि आई, मावशी, आत्या, आजी यांच्याजवळ अशी वही असेल, तर ती केवळ जपून ठेवू नका; येत्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून तिच्यातली एकेक वीण त्यांच्याकडून विणवून घ्या, आणि सविस्तर, कुणालाही कळेल अशा भाषेत, नव्या वहीत उतरवून काढा.